अहवालाच्या कोपऱ्यातली ओळ : कॅम्प लेजूनच्या पाण्याचं प्रकरण

पिण्याच्या पाण्यात कारखान्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे ग्रीस-डाग विरघळवणारं रसायन, उतरलं तर पुढे काय काय घडतं, याची अतिशय बारकाईने नोंदलेली हकिगत अमेरिकेतल्या एका लष्करी तळाची आहे. कॅम्प लेजून हे त्याचं नाव. नॉर्थ कॅरोलायना राज्यात, जॅक्सनव्हिल शहराला लागून असलेला हा मरीन कोअरचा तळ. १९५३ ते १९८७ या काळात तिथे राहिलेल्या किंवा काम केलेल्या सुमारे १० लाख लोकांपर्यंत हे पाणी पोहोचलं असावं, असं तिथल्या सरकारी यंत्रणा मानतात. जवान, त्यांच्या बायका, तळावर जन्मलेली मुलं, कचेऱ्यांतले नागरी कर्मचारी, सगळेच त्यात आले.

मुंबईच्या वाचकांसाठी मी हे लिहितेय, कारण आपल्या इमारतींच्या सक्शन टाकीत आता एकाच ठिकाणचं पाणी येत नाही. पालिकेचं येतं, उन्हाळ्यात टँकरचं येतं आणि बऱ्याच ठिकाणी आवारातल्या बोअरचंही येतं. तपासणीचा अहवाल मात्र एका दिवसाचा, एका बाटलीचा असतो. लेजूनमध्ये नेमकं हेच घडत होतं. शिवाय माझी नोकरीची वर्षं प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ या तपासणीच्या यंत्रासमोर गेली. हे प्रकरण ज्या कागदामुळे उघडकीस आलं, तसले कागद मी रोज हाताळलेत. त्यामुळे ते वाचताना मला शांत राहता येत नाही.

विहिरी आणि धुलाईचं दुकान

लेजूनचं सगळं पाणी जमिनीखालचं. बऱ्याच विहिरींचं पाणी एका शुद्धीकरण केंद्रात गोळा व्हायचं, गाळलं जायचं, त्यात क्लोरीन पडायचं आणि मग ते वस्तीत जायचं. अशी तीन केंद्रं या प्रकरणात येतात : तारावा टेरेस, हॅडनॉट पॉइंट आणि हॉलकोम बुलेव्हार्ड. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. सगळ्या विहिरी एकाच वेळी चालत नसत, पंप आळीपाळीने सुरू-बंद होत. म्हणजे आज नळाला जे पाणी आलं, ते आज कुठल्या विहिरी चालू होत्या यावर ठरायचं.

तारावा टेरेस ही जवानांच्या कुटुंबांची वस्ती. तिच्या जवळच, पण तळाच्या हद्दीबाहेर, १९५३ मध्ये एबीसी वन-अवर क्लीनर्स हे ड्रायक्लीनिंगचं दुकान सुरू झालं. तिथे पर्क्लोरोइथिलीन वापरलं जायचं. ड्रायक्लीनिंगवाले त्याला नुसतं पर्क म्हणतात. कपडे धुतल्यावर मळलेलं पर्क उकळून, वाफ थंड करून पुन्हा वापरता येतं. खाली उरतो तो चिकट गाळ. दुकानाचं सांडपाणी सेप्टिक टाकीत जायचं, तिथून जमिनीत. आणि हा गाळ, त्यातल्या उरल्यासुरल्या पर्कसकट, आवारातले खड्डे बुजवायला वापरला गेला. त्या काळी ती काटकसरच वाटली असणार. त्या दुकानापासून सर्वांत जवळची विहीर टीटी-२६ ही तारावा टेरेसला पाणी देत होती.

हॅडनॉट पॉइंटचा मामला वेगळा. तिथे बाहेरचं कुणी नव्हतं. तळाचाच औद्योगिक भाग, गाड्यांची दुरुस्ती, जमिनीत पुरलेल्या इंधनाच्या गळक्या टाक्या, कचरा पुरायच्या जागा. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, वापरलं जायचं. गळक्या टाक्यांतून इंधनातलं बेन्झिन हे विषारी द्रव्य झिरपलं. या सगळ्याच्या मधोमध पिण्याच्या पाण्याच्या विहिरी होत्या.

सॉल्व्हंट जमिनीत कसं वागतं

पेट्रोल पाण्यावर तरंगतं. टीसीई आणि पर्क तरंगत नाहीत. टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड, पर्क त्याहून जड. जमिनीवर सांडलेलं सॉल्व्हंट थोडं उडून जातं आणि बाकीचं खाली उतरत राहतं. भूजलाची पातळी लागली तरी ते थांबत नाही, पाण्यातून तळाकडे जातं आणि जिथे घट्ट थर लागेल तिथे साचून बसतं. तिथून ते थोडं थोडं विरघळत राहतं, वर्षानुवर्षं. दुकान बंद झालं, टाकी उपसली, तरी खालचा साठा पाण्यात उतरतच राहतो.

किती थोडं पुरतं याचा हिशेब कुणालाही करता येईल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) आहे. एक लिटर टीसीईचं वजन साधारण १,४६० ग्रॅम. ते पूर्ण विरघळलं तर जवळपास २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेला नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचा एक, असे २९ हजार टँकर. वर्कशॉपमधला एक कॅन लवंडला तर काय होईल, ते यावरून समजावं.

आणि नाकाला काही कळत नाही. पाण्यातल्या टीसीई-पर्कचा वास माणसाला यायला लिटरमागे साधारण ३०० मायक्रोग्रॅम लागतात. तारावा टेरेसच्या नळात मोजलेलं पर्कचं सर्वाधिक प्रमाण २१५ होतं. मर्यादेच्या ४३ पट, तरी वासाच्या आतच. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला नेहमीचं.

१९८० ते १९८५

प्रकरणाचा गाभा या पाच वर्षांत आहे.

१९७९ च्या अखेरीस अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ट्रायहॅलोमिथेन या गटासाठी नियम केला. क्लोरीन पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी मिसळलं की क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन भावंडं तयार होतात. हा तोच गट. लेजूनने त्यासाठी पाणी तपासायला सुरुवात केली. सॉल्व्हंटचा शोध घेणं कुणाच्या मनातही नव्हतं.

इथे यंत्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये नमुन्यातली बाष्पशील द्रव्यं एका लांब, केसाएवढ्या बारीक नळीतून जातात आणि प्रत्येक जण आपापल्या वेळी बाहेर पडतो. कागदावर त्या त्या मिनिटाला एक टोक उठतं. आम्ही त्याला पीक म्हणतो. क्लोरोफॉर्मचा पीक कुठे यायचा, हे तुम्हाला ठाऊक असतं. क्लोरीन असलेल्या रेणूंना ओळखणारा डिटेक्टर लावला असेल, तर टीसीई आणि पर्कही त्याला दिसतात, मग तुम्ही ते शोधत असा वा नसा. न मागितलेला मोठा पीक कागदावर उभा राहिला की विश्लेषकासमोर दोन वाटा असतात. मागितलेल्या चार द्रव्यांचे आकडे भरून फॉर्म पुढे सरकवायचा, किंवा थांबून विचारायचं की हे काय आहे.

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये हॅडनॉट पॉइंटचे नमुने लष्कराच्या आरोग्य प्रयोगशाळेत गेले. प्रयोगशाळेचे प्रमुख विल्यम नील थांबले. त्यांनी फॉर्मवर हाताने शेरा लिहिला की सेंद्रिय द्रव्यांचा मोठा अडथळा येतोय, क्लोरीनयुक्त द्रव्यांसाठी वेगळी तपासणी करा. पुढच्या काही महिन्यांच्या फॉर्मवर तेच पुन्हा आलं. १९८१ च्या मार्चमधला शेरा तर उद्गारचिन्हासह आहे. पाणी इतर क्लोरीनयुक्त हायड्रोकार्बन्सनी अतिशय दूषित आहे, असं त्यात म्हटलंय, आणि पुढे कंसात लिहिलंय, सॉल्व्हंट्स.

त्या शेऱ्यांवर विहीर बंद झाली नाही. कुठल्या विहिरीतून हे येतंय, ते शोधण्यासाठी एकेका विहिरीचं पाणीही लगेच तपासलं गेलं नाही.

१९८२ मध्ये नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे गेले. तिथल्या केमिस्टनी द्रव्यांची नावं लावली : हॅडनॉट पॉइंटमध्ये टीसीई, तारावा टेरेसमध्ये पर्क. मे १९८२ च्या हॅडनॉट पॉइंटच्या नमुन्यात टीसीई लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅम भरलं. प्रयोगशाळेने तळाला कळवलं आणि ऑगस्टमध्ये लेखी पत्रही दिलं. ते द्रव्य ट्रायहॅलोमिथेनच्या तपासणीत अडथळा आणत होतं. पण आरोग्याच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं आहे, असा त्या पत्राचा रोख होता.

मग जुलै १९८२ चे आकडे आले. त्याच हॅडनॉट पॉइंटमध्ये टीसीई साधारण २० वर होतं. दोन महिन्यांत १,४०० वरून २०. जमिनीत काही बदललं नव्हतं. त्या दिवशी नासलेली विहीर चालू नसावी, एवढाच याचा अर्थ. पण ज्याला विषय मिटवायचा आहे, त्याला २० चा आकडा फार सोयीचा असतो. आधीचा आकडा चुकला असेल, असं म्हणता येतं. टीसीई-पर्कसाठी तेव्हा बंधनकारक मर्यादाही नव्हती. अमेरिकेत टीसीईची मर्यादा १९८९ पासून आणि पर्कची १९९२ पासून लागू झाली. नियम मोडला नव्हता, हा युक्तिवाद पुढे अनेकदा झाला. माझ्या मते तो युक्तिवाद विहीर बंद न करण्याचं कारण होऊ शकत नाही. द्रव्य विषारी आहे हे माहीत होतं, कमी-अधिक किती प्रमाणात चालेल याच्या सल्लावजा मर्यादाही तेव्हा उपलब्ध होत्या. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, मुलांच्या पाण्यात ग्रीस काढायचं द्रव्य असू नये, हे कळायला राजपत्र लागत नाही.

विहिरी एकेक करून तपासायचं काम १९८४ मध्ये झालं, तेही प्रदूषित जागा शोधण्याच्या एका वेगळ्या कार्यक्रमाखाली. हॅडनॉट पॉइंटच्या एचपी-६०२ या विहिरीचा नमुना जुलैत घेतला गेला, त्यात बेन्झिन होतं. विहीर बंद झाली ३० नोव्हेंबरला. त्यानंतर भराभर बाकीच्या विहिरी तपासल्या गेल्या. एचपी-६५१ मध्ये फेब्रुवारी १९८५ ला टीसीई १८,९०० मायक्रोग्रॅम निघालं. तारावा टेरेसच्या टीटी-२६ मध्ये पर्क १,५८० निघालं आणि ती ८ फेब्रुवारीला बंद झाली. नील यांच्या पहिल्या शेऱ्यापासून मोजलं तर चार वर्षांहून जास्त काळ गेला होता.

त्याआधी, १९८५ च्या जानेवारीत, आणखी एक गोष्ट घडली. हॉलकोम बुलेव्हार्डचं पाणी तुलनेने चांगलं होतं. पण तिथे इंधनाची गळती झाली म्हणून केंद्र काही दिवस बंद ठेवून त्या वस्तीला हॅडनॉट पॉइंटचं पाणी सोडलं गेलं. त्या दिवसांत तिथल्या प्राथमिक शाळेच्या नळात टीसीई हजाराच्या वर गेलं. ज्या घरांना इतकी वर्षं त्रास नव्हता, त्यांच्या घरात ते पाणी एका पर्यायी व्यवस्थेतून आलं. आपल्याकडे पाइपलाइन फुटली की 'तोवर बोअरचं सोडा' असं सहज म्हटलं जातं. तेव्हा मला ही शाळा आठवते.

एप्रिल १९८५ मध्ये तारावा टेरेसच्या रहिवाशांना तळाच्या प्रमुखांचं पत्र मिळालं. दोन विहिरी बंद ठेवल्या आहेत, त्यांत काही सेंद्रिय रसायनांचे सूक्ष्म अंश आढळले आहेत, पाणी जपून वापरा, असा मजकूर होता. पर्कचं नाव नाही, आकडा नाही, किती वर्षं हे चाललं असेल याचा उल्लेख नाही. वाचणाऱ्याला ती पाणीकपातीची सूचना वाटावी.

बारा वर्षांनी कळलेली गोष्ट

जेरी एन्समिंगर मरीन कोअरमध्ये होते. त्यांचं कुटुंब तारावा टेरेसमध्ये राहायचं. मुलगी जेनी हिला १९८३ मध्ये, सहाव्या वर्षी, रक्ताचा कर्करोग झाला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये ती गेली. नऊ वर्षांची होती. वडिलांना लेजूनच्या पाण्याबद्दल कळलं १९९७ मध्ये, टीव्हीवरची बातमी ऐकताना. जेवणाची ताटली हातात घेऊन ते बातम्या ऐकत होते, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय. तोवर बारा वर्षं ते 'माझ्याच मुलीला का' हे एकच विचारत होते. पुढे त्यांनी आणि तळावर जन्मलेल्या, तिथे वाढलेल्या इतरांनी कागद मिळवायला सुरुवात केली. नील यांचे शेरे जगासमोर आले ते अशा लोकांच्या चिकाटीमुळे.

शास्त्रज्ञांपुढचा पेच वेगळा होता. पाणी कुणी किती प्यायलं हे ठरवायला प्रत्येक महिन्याचे आकडे हवेत आणि १९८२ च्या आधीचे आकडे तर नव्हतेच. अमेरिकेच्या विषारी द्रव्यं आणि रोग यांच्या नोंदणी संस्थेने मग जमिनीचे थर, भूजलाचा प्रवाह, पंपांच्या जुन्या नोंदी असं सगळं गोळा करून संगणकावर इतिहास पुन्हा बांधला. तारावा टेरेसचा अहवाल २००७ मध्ये आला, हॅडनॉट पॉइंटचा २०१३ मध्ये. त्यानुसार तारावा टेरेसच्या नळात पर्क नोव्हेंबर १९५७ मध्येच ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं. दुकान सुरू होऊन चार वर्षंच झाली होती.

आजारांबद्दल जपून बोलायला हवं. एका माणसाच्या आजाराचं बोट एका रेणूकडे दाखवता येत नाही. लोकसमूहांची तुलना करता येते. लेजूनचे जवान आणि कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनचे जवान यांची तुलना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत लेजूनच्या गटात पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त आढळला. टीसीईला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवलंय, मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा त्यात सर्वांत ठाम. २०१७ पासून अमेरिकेत लेजूनवर किमान ३० दिवस राहिलेल्या माजी सैनिकांचे आठ आजार या पाण्याशी जोडलेले मानले जातात. जेनीच्या नावाने ओळखला जाणारा उपचारांचा कायदा २०१२ मध्ये झाला. पण भरपाईचे दावे नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यातल्या दहा वर्षांच्या मुदतीवर आपटत राहिले. आजार उमटायलाच तेवढी वर्षं लागतात, मग दहा वर्षांत दावा करणार कोण? ती अडचण ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने दूर केली आणि चार लाखांहून जास्त दावे दाखल झाले. त्यांतले बहुतेक अजून निकालाच्या वाटेवर आहेत.

मुंबईत याचा संबंध कुठे येतो

पालिकेच्या मुख्य पुरवठ्याशी हे प्रकरण जोडून भीती पसरवणं चुकीचं होईल. आपलं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या तलावांचं. ते उघड्यावरचं पाणी. त्यात सॉल्व्हंट पडलं तरी बरंचसं हवेत उडून जातं आणि पाणलोट क्षेत्र बहुतांशी जंगलाचं आहे. प्रश्न आहे तो जमिनीखालून उपसलेल्या पाण्याचा, म्हणजे बोअरचा आणि खासगी विहिरींवर भरणाऱ्या टँकरचा. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या परवान्यांच्या नियमांवरून टँकरवाल्यांनी काही दिवस संप केला. तेव्हा किती इमारती या पाण्यावर चालतात, ते सगळ्या शहराला दिसलं.

कुर्ला, साकीनाका, मरोळ, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात पन्नास-साठ वर्षं इंजिनिअरिंगची वर्कशॉपं, प्लेटिंगचे गाळे, रंगाची, औषधाची युनिटं होती. काही आजही आहेत. त्यांच्या जागांवर आता टॉवर उभे आहेत. एखाद्या प्लॉटवर पूर्वी काय होतं, हे फ्लॅट घेणाऱ्याला सांगितलं जात नाही आणि बिल्डरला ते सांगायचं बंधनही नाही. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीच्या आवारात पूर्वी धातूकामाचं वर्कशॉप होतं. पाण्याची बोंब झाली म्हणून त्यांनी बोअर पिण्याच्या टाकीला जोडायचं ठरवलं आणि मला अहवाल दाखवला. मी विचारलं, यात सॉल्व्हंट बघितलेत का? सेक्रेटरी म्हणाले, "ताई, रिपोर्ट तर क्लीन आहे, टीडीएससुद्धा दोनशेच्या आत. आणखी काय बघायचं?"

त्यांचा दोष नाही. अहवालावर भारतीय मानक १०५०० चे रकाने होते : पीएच, कठीणपणा, नायट्रेट, लोह, कोलिफॉर्म. २०१२ च्या या मानकात ट्रायहॅलोमिथेनच्या मर्यादा आहेत, कीटकनाशकांच्या आहेत, पण टीसीई, पर्क किंवा बेन्झिनच्या मर्यादा नाहीत. रकाना नसेल तर प्रयोगशाळा तपासणार नाही आणि तपासलं नाही तरी 'पिण्यायोग्य' असा शेरा मिळतो. टीडीएसचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं, पेन तर पाण्याची वीजवाहकता मोजतं. सॉल्व्हंट वीज वाहत नाही, त्यामुळे पेनवर त्याची काही खूण उमटत नाही.

आपल्या जमिनीची एक अडचण लेजूनला नव्हती. तिथे वाळूचे थर होते, पाणी कुठल्या दिशेने सरकतं याचं गणित मांडता आलं. मुंबईखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, आणि पाणी त्याच्या भेगांमधून धावतं. जुनाट वाड्याच्या भिंतीतली गळती जशी भलत्याच खोलीत ओल आणते, तसं सॉल्व्हंट एका प्लॉटवर उतरून दोन प्लॉट सोडून तिसऱ्याच्या बोअरमध्ये निघू शकतं, आणि मधल्याचं पाणी साफ राहू शकतं. शेजारच्या सोसायटीचा चांगला अहवाल म्हणूनच आपल्या उपयोगाचा नाही. आपली टाकीही लेजूनच्या शुद्धीकरण केंद्रासारखीच आहे : आज पालिकेचं जास्त, उद्या टँकरचं, परवा बोअरचं. टाकीतून एकदा भरलेली बाटली १,४०० सांगेल की २०, ते त्या दिवशीच्या पंपावर अवलंबून.

म्हणून तपासणी प्रत्येक स्रोताची वेगळी हवी. बोअर दहा-पंधरा मिनिटं चालवून मग नमुना घ्यायचा, आणि एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा ओसरल्यावर. प्रयोगशाळेला 'बाष्पशील सेंद्रिय संयुगं' असं नाव घेऊन सांगायचं आणि यादीत टीसीई, पर्क, व्हिनाइल क्लोराइड, बेन्झिन लिहून द्यायचं. व्हिनाइल क्लोराइड यासाठी की जमिनीतले जंतू पर्क आणि टीसीईचे तुकडे करत करत शेवटी तिथे येतात आणि ते मूळ द्रव्याहून जास्त घातक आहे.

नमुना भरण्याची रीत मी त्या सोसायटीच्या पंपवाल्याला उभं राहून दाखवली, कारण इथेच बहुतेक नमुने वाया जातात. प्लास्टिकची बिसलरीची बाटली चालत नाही. ४० मिलिलिटरची काचेची कुपी लागते, झाकणाला आतून टेफ्लॉनचा पापुद्रा. नळ बारीक धारेवर ठेवून, धार कुपीच्या कडेने सोडत, बुडबुडे न होऊ देता ती काठोकाठ भरायची. पाणी काठावर थोडं फुगून उभं राहिलं पाहिजे. मग झाकण लावायचं, कुपी उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा राहिला तर सॉल्व्हंट पाण्यातून त्या हवेत जातं आणि अहवालात आकडा कमी येतो. कुपी बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारणारं द्रव्य प्रयोगशाळा आधीच कुपीत घालून देते, ते धुऊन टाकायचं नाही. पंपवाल्याने दुसऱ्या खेपेला कुपी बिनबुडबुड्याची भरली. त्या सोसायटीने दोन्ही मोसमांचे अहवाल हातात येईपर्यंत बोअर फक्त फ्लशच्या लाइनला ठेवायचं ठरवलं.

घरगुती उपायांबद्दल लोक विचारतात. उकळल्याने टीसीई पाण्यातून निघतं हे खरं, पण ते जातं स्वयंपाकघरातल्या हवेत आणि तिथे श्वास घेणारे आपणच असतो. गिझरच्या गरम पाण्याने बंद बाथरूममध्ये अंघोळ केली तरी तेच होतं. लेजूनमध्ये लोकांना त्रास पिण्याइतकाच श्वासातून आणि त्वचेतूनही पोहोचला असं धरतात. म्हणजे असं पाणी निघालं तर 'पिण्यासाठी बिसलरी, बाकी बोअर' हा तोडगा अपुरा आहे. यूव्हीचा काही उपयोग नाही. आरओच्या पडद्यातून हे लहान रेणू काही प्रमाणात निसटतात. त्यांना खरं अडवतो तो सक्रिय कोळसा, पण भरेपर्यंतच. भरलेला कोळसा काही अडवत नाही आणि तो भरला हे चवीवरून कळत नाही. मोठ्या प्रमाणावर पाणी साफ करायचं तर मनोऱ्यातून हवा सोडून सॉल्व्हंट उडवतात, किंवा कोळशाच्या मोठ्या टाक्या लावून त्या ठरावीक मुदतीत बदलतात. एका सोसायटीला ते झेपणारं नाही. ती बोअर पिण्यासाठी न वापरणंच बरं.

आणखी एक जागा बघायला हवी. सॉल्व्हंट किंवा पेट्रोल मुरलेल्या जमिनीतून प्लास्टिकचा पाण्याचा पाइप गेला असेल, तर ही द्रव्यं पाइपच्या भिंतीतून आत शिरतात, पाइप कुठेही फुटलेला नसताना. आपल्याकडे पाणी चोवीस तास वाहत नाही, तासन्‌तास पाइपात उभं राहतं, त्यामुळे शिरायला वेळ मिळतो. जुन्या पेट्रोल पंपाशेजारून किंवा वर्कशॉपच्या प्लॉटखालून गेलेली प्लास्टिकची जोडणी बदलून धातूची घ्यावी. खर्च आहे, पण एकदाच.

अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये टीसीईच्या सर्व वापरांवर टप्प्याटप्प्याने बंदीचा नियम जाहीर केला. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित झाले आहेत. त्यांचा उपयोग मुंबईला व्हायचा असेल तर दोन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. पालिकेच्या प्रत्येक वॉर्डमध्ये जुन्या कारखान्यांच्या, प्लेटिंगच्या गाळ्यांच्या, ड्रायक्लीनिंगच्या आणि पेट्रोल पंपांच्या प्लॉटची यादी सीटीएस (नगर भूमापन) नंबरसह जाहीर करावी आणि टँकर भरणाऱ्या विहिरीचं ठिकाण त्या यादीशी ताडून मगच परवाना द्यावा. आणि मानक १०५०० मध्ये टीसीई, पर्क, बेन्झिन, व्हिनाइल क्लोराइड यांचे रकाने यावेत. भारतीय मानक ब्युरो मसुद्यांवर लोकांच्या हरकती-सूचना मागवतं. या मानकाचा मसुदा पुढे येईल तेव्हा सोसायट्यांच्या फेडरेशननी तिथे लेखी मागणी द्यावी, आणि तोवर आपल्या बोअरच्या तपासणीत हे चार रकाने पैसे भरून आपणच वाढवून घ्यावेत.